केस गळतात की तुटतात? माक्याचं तेल काढण्याआधी आणि काढताना

पोळा झाला की आमच्या नाल्याच्या काठाला माका असा माजतो की पाय टाकायला जागा राहत नाही. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात राहते. पोळ्यापासून नवरात्रापर्यंतच्या दिवसांत घरापुरतं केसांचं तेल काढते. आजीनं काढलं, आईनं काढलं, आता माझ्या हाती आलं आहे.

मागच्या साली भाची माहेरपणाला आली होती. लेकरू चार महिन्यांचं. आल्या आल्या म्हणाली, "मावशी, केस मुठीमुठीनं हाती येऊन रायले. तुमचं तेल द्या वं." मी बाटली आणली नाही. तिची फणी आणायला सांगितली. तेलाची कृती पुढे मापासकट देते, पण त्याआधी फणीत अडकलेला केस बघायचा असतो, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

केस उजेडात धरा

फणीतले आठ-दहा केस काढा आणि पांढऱ्या कागदावर ठेवून दारात उजेडाला बघा. केसाच्या एका टोकाला खसखशीच्या दाण्याहूनही बारीक, पांढुरकी गाठ दिसली, तर तो केस मुळातून सुटलेला आहे. दोन्ही टोकं बोडकी असली, केस आखूड आणि वेगवेगळ्या लांबीचे असले, तर ते मधूनच तुटलेले आहेत. गळणं वेगळं आणि तुटणं वेगळं. तुटणाऱ्या केसांना तेल आणि धुण्याची पद्धत फार उपयोगी पडते. मुळातून सुटणाऱ्या केसांचं कारण बहुतेक वेळा अंगात असतं, तिथे वरून तेलाचा हंडा ओतला तरी थांबत नाही.

अजून एक परीक्षा. एक दिवस डोकं न धुता पन्नास-साठ केसांची बट बोटांत धरा आणि मुळापासून टोकापर्यंत हलक्या हातानं ओढत न्या. एक-दोन केस आले तर काळजी नाही. सहाच्या वर येत असतील, आणि डोक्याच्या तीन-चार जागी तसंच होत असेल, तर गळती चालू आहे. तशी दिवसाला 50 ते 100 केसांची गळ सगळ्यांचीच असते. आठवड्यानं डोकं धुणारीला ते सगळे एकदम दिसतात आणि तिचा जीव घाबरा होतो.

भाचीच्या जवळजवळ प्रत्येक केसाला गाठ होती.

मुळासकट येत असतील तर

मागे जाऊन महिने मोजा. टायफॉइड, डेंगू, मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, घरातला मोठा धक्का यांतलं काही झालं असलं, की त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडतात. ताप विसरलेला असतो, म्हणून दोष पाण्याला नाहीतर साबणाला जातो. अशी गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप ओसरते आणि केस परत येतात. या काळात कुणी काहीही लावलं तरी गुण त्या लावण्याला मिळतो. महागड्या बाटल्यांचं बरंचसं नाव यावरच झालं आहे.

तसं काही झालं नसेल, किंवा सहा महिने उलटूनही थांबत नसेल, तर रक्त तपासा. हिमोग्लोबिन आधी, जमलं तर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), आणि थायरॉइडची टीएसएच. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आलं आहे. निंदणाला जाणाऱ्या दहा बायांच्या रांगेत पाच-सहा जणी अशा. माझ्या भाचीचं हिमोग्लोबिन 8.1 निघालं.

आपल्या भागासाठी एक गोष्ट ठळक सांगते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि तिकडे मेळघाटात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या माणसाचं रक्त कमी दिसतं म्हणून मनानं लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, वारंवार रक्त चढलेलं असेल तर अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं. सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी होते, ती करून घ्या आणि डॉक्टरांना विचारून मगच गोळी.

2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड या गावांत लहानमोठ्यांचे केस काही दिवसांत झडून टक्कल पडलं. सुरुवातीला सगळ्यांनी पाण्याला आणि शाम्पूला धरलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्ताचे आणि गव्हाचे नमुने तपासून रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तेव्हा एकाच वस्तीत चार-पाच घरी एकदम केस जाऊ लागले, तर पाला वाटत बसू नका, आशाताईला त्याच दिवशी सांगा.

आणखी तीन ठिकाणी तेलाचं काम नाही. रुपयाएवढी गुळगुळीत गोल जागा, म्हणजे चाई: ती पुष्कळदा आपोआप भरते, पण पसरत असेल तर चामडीच्या डॉक्टरकडे जावं. लहान मुलाच्या डोक्यात खपल्यांचा, खाजणारा, तुटक केसांचा डाग असेल तर ते डोक्यातलं गजकर्ण असतं. त्याला पोटातून गोळी लागते, तेल-मलम पुरत नाही. आणि भुवयांचे केस बाहेरच्या बाजूनं विरळ होऊन अंगावर बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करा. बाबा आमट्यांच्या वरोऱ्याजवळ राहून आपण अजून हे लपवतो, याचं मला वाईट वाटतं. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो.

माका ओळखणं

आता पाला. नाल्याकाठचं, धानाच्या बांधीतलं, विहिरीच्या सांडपाण्याजवळचं हे वीत-दोन वीत झाड. खोड लालसर, पानं समोरासमोर, लांबट, हाताला खरखरीत, देठ जवळजवळ नाहीच. फूल पांढरं, करंगळीच्या नखाहून लहान, आणि फूल झडलं की हिरव्या बटणासारखं बोंड राहतं. खरी खूण हातात आहे. खोड मोडून तळव्यावर चोळा आणि मिनिटभर थांबा. रस हिरवा लागतो आणि बघता बघता काळा पडतो. तळवा दोन दिवस काळा राहतो. तो काळा पडला नाही तर तो माका नाही.

फसवणूक होते ती एकदांडीशी. तिला कोणी कंबरमोडी म्हणतात, कोणी दगडी पाला. तीही वावरभर असते, पण तिचं फूल उंच दांडीवर एकटं डुलतं, मधे पिवळं आणि कडेला मोजक्या पांढरट पाकळ्या. जखमेवर तो पाला लावत, केसांच्या तेलाचा तो पाला नव्हे. शहरात बागेत पसरणारा पिवळ्या फुलांचा माका मिळतो, तोही यात घेऊ नका.

कपाशीच्या धुऱ्यावरचा (बांधावरचा) माका कितीही टवटवीत असो, तोडू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, आणि तीच औषधं वाऱ्यानं धुऱ्यावर बसतात. नालीकाठचा, गावाच्या सांडपाण्यावरचा पालाही नको. मी बोडीच्या (लहान तळ्याच्या) वरच्या अंगाला जाते, जिथे फवारा पोचत नाही.

तेल

आयुर्वेदातलं जुनं माप असं: कल्क (म्हणजे पाला वाटून केलेली चटणी) एक भाग, तेल चार, रस किंवा काढा सोळा. घरासाठी ते असं बसवते: तेल अर्धा लिटर, माक्याचा रस 1 लिटर, आवळ्याचा काढा 1 लिटर, कल्क 125 ग्रॅम.

तेल तिळाचं, घाण्यावरचं. वर्ध्याच्या मगनवाडीत 1930 च्या दशकात ग्रामोद्योगाच्या कामात बैलघाणी सुधारण्यावर मेहनत झाली होती. आता गावोगाव लाकडी घाण्याच्या नावाची यंत्रं आली आहेत, त्यांतलं चालतं, फक्त आपल्यासमोर काढून घ्या. केस मधूनच तुटत असतील तर खोबरेल तेल घेतलं तरी चालेल, बहुधा जास्तच चांगलं. ते केसाच्या आत मुरतं आणि धुताना केसाची झीज कमी होते. थंडीत गोठेल, एवढंच.

आदल्या रात्री पाव किलो आवळकाठी चार लिटर पाण्यात भिजत घाला. सकाळी उकळून एक लिटर उरेपर्यंत आटवा आणि गाळा. पितळ्याच्या गंजात हे करू नका, आवळ्याचा आंबटपणा पितळ खातो. स्टीलचा गंज घ्या. लोखंडी कढई घेतली तर काढा शाईसारखा काळा होईल, तो लोखंडाचा रंग आहे, बिघाड नाही.

माका सकाळी तोडा. अडीच-तीन किलो लागतो. तीन-चार पाण्यांतून धुवा, गोगलगायी आणि चिखल निघाला पाहिजे. निथळू द्या, चिरून थोडं पाणी शिंपडत वाटा आणि जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यातून पिळा. तुमचे हात काळे होणार, त्या दिवशी कोणाकडे जायचं ठरवू नका.

कल्कासाठी जास्वंदीची कोवळी पानं 50 ग्रॅम, गोडलिंबाची (कढीपत्त्याची) पानं 50 ग्रॅम आणि रात्री भिजवलेल्या मेथ्या 25 ग्रॅम (कोरड्या मोजून), सगळं चटणीसारखं बारीक वाटा.

पाच-सहा लिटरची कढई घ्या, कारण हे सगळं फुगतं. तेल टाका आणि हाताला सोसेल इतकंच कोमट करा. कडकडीत तेलात ओला कल्क पडला तर अंगावर उडतो, लेकरं चुलीपासून लांब बसवा. कोमट तेलात कल्क घाला, हलवा, मग रस, मग काढा. आता मंद धग. मी गोवऱ्यांवर ठेवते. गॅसवर करत असाल तर बारीक ज्योत. तीन-चार तास जातात. अर्ध्यावर थांबून झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुढे केलं तरी चालतं, उलट दोन दिवसांचं तेल उतरतं चांगलं. बुडाला कल्क लागतो, म्हणून लाकडी उलथन्यानं तळ खरवडत राहायचं.

पुढचा अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा, आणि पहिल्या वर्षी माझं तेल इथेच जळलं. पाणी आहे तोवर कढईतलं तापमान शंभर अंशांच्या आसपास अडून राहतं. पाणी संपलं की तेल भराभर तापतं आणि पाच-सात मिनिटांत कल्क करपतो. मी भाकरी थापायला उठले होते. परत आले तेव्हा तेल काळंकुट्ट आणि जळक्या मेथीचा वास. आजी तेव्हा होती. म्हणाली, "तेल बोलते, बाई. त्याचं आयकत जाय."

ते कसं ऐकायचं, सांगते. पाणी असताना कढई सारखी खळखळ-चिरचिर करते. आवाज बारीक होत जातो. मग वर पांढरट फेस येऊ लागतो. इथून जागचं हलायचं नाही. उलथन्यानं चिमूटभर कल्क काढा, फुंकर मारून निववा आणि अंगठा-तर्जनीत वळा. चिखलासारखा चिकटला तर कच्चं. त्याची वात वळली, वळताना बोटाला तेल सुटलं, पण वात मोडली नाही, तर झालं. कोरडा भुगा पडला तर पुढे गेलं, डोक्याला लावायचं तेल तिथवर नेऊ नये. ती वात कढईपासून दूर नेऊन दिव्याच्या ज्योतीला लावा. तडतडली तर आत पाणी आहे, अजून पाच मिनिटं. गुपचूप जळली तर कढई लगेच खाली. लोखंड तापलेलं असतं, तेल आणखी शिजत राहतं, म्हणून कोमट झालं की लगोलग गाळून घ्यायचं.

कापडातून गाळा, कल्क पिळून काढा, रात्रभर झाकून स्थिर ठेवा. सकाळी वरचं निर्मळ तेल कोरड्या ठणठणीत काचेच्या बाटलीत ओता, खालचा गाळ ओतू नका. पाण्याचा एक थेंब गेला तरी बुरशी धरते. साधारण चारशे ते साडेचारशे मिली मिळतं. रंग गर्द हिरवट, वास ओल्या पाल्याचा आणि मेथीचा. बाटलीवर महिना लिहा, अंधारात ठेवा. सहा महिने ठीक असतं. कुबट वास आला की फेकायचं, लावायचं नाही.

लावणं आणि धुणं

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. खाज, पुरळ आलं तर ते तुमच्यासाठी नाही.

आठवड्यातून दोनदा, दोन चमचे, बोटांच्या पेरांनी मुळाशी. नखं नकोत, जोरही नको. धुण्याआधी तासभर पुरे. डोक्यात कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नका: कोंड्याची बुरशी तेलावरच वाढते. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतात, तेलानं त्याहून वेगानं वाढतील असं मी कुणाला सांगत नाही. केस वाकतात, फणीत अडकत नाहीत, कमी तुटतात, आणि तुटणं थांबलं की लांबी दिसते. एवढं खात्रीनं होतं.

डोक्यावरून पाणी, गवत, टोपली वाहणाऱ्या बायांच्या टाळूवरचे केस चुंबळीखाली घासून तुटतात. चुंबळ मऊ, सुती कापडाची करा आणि खाली रुमाल घ्या. वेणी कपाळावरून ओढून घट्ट घालू नका. उवा काढण्यापुरतं सोडलं तर ओले केस विंचरू नका.

धुण्यासाठी शिकेकाई 100 ग्रॅम, रिठ्याची टरफलं 50, आवळकाठी 50, जाडसर कुटून डब्यात भरून ठेवा. दोन मुठी रात्री स्टीलच्या भांड्यात भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा, कुस्करा, गाळा. रिठा डोळ्यांत गेला तर फार झोंबतो, डोळे मिटून मागे मान टाकून धुवा. आपल्याकडे बोरचं पाणी जड. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर विचारू नका. अशा पाण्यात साबणाचा चिकट साका केसांवर बसतो. रिठा-शिकेकाईचा फेस तसा साका धरत नाही, आजींच्या पिढीचे केस मऊ राहायचे त्याचं एक कारण हे असावं. शेवटचा एक गडवा पावसाच्या नाहीतर फिल्टरच्या पाण्याचा ओता.

काळ्या मातीनं डोकं धुण्याची चाल होती. आता वावरातली माती घेऊ नका, फवारणीचं कारण वर आलंच आहे.

पोटातून

इथला खजिना आपण विकतो आणि बाजारातून डबे आणतो. जवसाची चटणी रोज एक चमचा. जवस भाजून कुटलेलं हवं, अख्खं तसंच बाहेर पडतं. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी भाजी, शेवग्याचा पाला, अंबाडी, हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला आणि आवळा. भाजीवर लिंबू पिळा, आंबटामुळे भाजीतलं लोह अंगी लागतं. आणि जेवल्या जेवल्या चहा बंद, तो लोह अडवतो. तासभर मधे जाऊ द्या. चालत असेल तर अंडं घ्या, कारण केस प्रथिनाचाच बनलेला आहे, नुसत्या भाजीनं भागत नाही. भाचीला डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या तीन महिने दिल्या, जेवणात हे ठेवलं, तेल आठवड्यातून एकदाच. दिवाळीला हिमोग्लोबिन साडेदहा होतं आणि कपाळाच्या कडेला बोटभर नवे केस उभे होते.

गुळवेल, माक्याचा रस, कडुलिंबाचं तेल पोटात घेऊ नका. गुळवेलीनं काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी कोविडच्या काळात आल्या आहेत, आणि कडुलिंबाचं तेल लहान लेकराच्या पोटात गेलं तर जिवावर बेततं.

डोक्याला लावू नका असं

उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड लावायची सांगतात. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, दृष्टी जाऊ शकते. त्यापेक्षा दाट दातांची फणी आणि ओल्या केसांत तेल, तीन-तीन दिवसांनी तीन आठवडे. चाईवर गुंजेचा लेप, धोतऱ्याच्या बिया: दोन्ही विषारी, घरात लेकरं असतील तर आणूच नका. बिब्याचं तेल लावणारे अजून आहेत. बिबा उतला की फोड येतात आणि चामडी जळते, तिथे पुढे केस येत नाहीत. पॅकेटमधली "काळी मेंदी" मेंदी नसते, तिच्यातल्या काळ्या रंगाच्या रसायनानं काहींचा चेहरा सुजतो. खऱ्या मेंदीचा रंग तांबूसच येतो.

बचत गटातल्या बाया विचारतात, हे तेल विकू का? घरी, लेकीसुनांना द्यायला काही हरकत नाही. विकायचं असेल तर सौंदर्यप्रसाधन बनवण्याचा परवाना लागतो, त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात आधी विचारा. आणि लेबलवर "टकलावर केस उगवतात" असं छापू नका.